यंत्राला ‘ळ’ शिकवणाऱ्या बाई

बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्यात दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवी होते. तोंडात कापूस, डोळ्यांवर दिवा. पर्समधला फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बघा हवं तर, कुणाचं तरी महत्त्वाचं काम दिसतंय.” फोन सोलापूरहून होता, गौराचा. गौरा म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. शेवटची बरीच वर्षं तीच बाईंजवळ होती. “मंदाताई, मावशी गेली. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि मी चष्मा आणायला आत गेले तेवढ्यात...” मला बोलताच येईना, अर्धं तोंड बधिर होतं. मी नुसतं हं हं करत राहिले आणि पलीकडून गौराच मला समजावत होती, “रडू नका, तिला आवडायचं नाही.” रडतेय असं मला वाटत नव्हतं. गालाला काही कळतच नव्हतं... हात लावून बघितला, तर ओला होता.

मी सोलापूरला पोचले तोवर माती देऊन लोक परत आले होते. बाई लिंगायत, त्यांच्यात दहन करत नाहीत. घरासमोर मांडवाखाली माणसं बसली होती. निवृत्त इंजिनिअर, शाळामास्तर, चादरींच्या कारखान्यात नक्षी करणारे दोघंतिघं, जाहिरातीच्या धंद्यातली एक बाई, आणि कॉलेजात जाणारी कितीतरी पोरं. सगळे कधी ना कधी बाईंकडे शिकलेले. शेजारच्या माणसानं मला हळूच विचारलं, “तुम्ही कुठल्या बॅचच्या?” “पहिल्या,” मी म्हणाले. त्यानं सतरंजीवर सरकून मला जागा करून दिली. मग पुढच्या ओळीतली दोन माणसं वळून बघायला लागली. पहिल्या बॅचचं तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. अंबादास बंगळूरला लेकाकडे आजारी, बाकीच्यांचा पत्ताच नाही. त्या पहिल्या बॅचचं काय झालं ते सांगायला आता मीच उरलेय, असं तेव्हा वाटलं, म्हणून हे लिहायला बसले.

बाईंचं नाव नीलांबिका पाटील. अक्कलकोटच्या पुढच्या, सीमेवरच्या एका खेड्यातल्या. घरात कानडी, शाळेत मराठी. वडील प्राथमिक शिक्षक. बाईंनी गणितात एम.एस्सी. केलं आणि सोलापूरच्या एका विज्ञान महाविद्यालयात लागल्या. एका उन्हाळ्यात मुंबईला मोठ्या संस्थेत कसलासा वर्ग भरणार होता, त्याला कुणी जायला तयार नव्हतं, म्हणून ह्या गेल्या. तिथं त्यांनी पहिल्यांदा कॉम्प्युटर बघितला, आणि परत आल्या त्या तेच डोक्यात घेऊन. इरकली साडी, घट्ट बांधलेला अंबाडा, पायांत पुरुषी वाटाव्या अशा जाड चपला. चालणं इतकं झपाझप की बरोबर चालणाऱ्याला पळावं लागायचं. मराठी स्वच्छ बोलायच्या, पण वाक्याच्या शेवटी कानडी हेल यायचा, आणि राग आला की सरळ कानडीच यायची.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, त्या वर्षीची गोष्ट. बाईंचं विज्ञान महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्याच चित्रकला महाविद्यालयानं पदवी-पदविका घेतलेल्यांसाठी एक पुढचा अभ्यासक्रम काढला होता. जाहिरात, छपाई, फोटोग्राफी, कापडावरची नक्षी असं सगळं त्यात होतं. दृश्यमाध्यमांचा अभ्यासक्रम असं भारदस्त नाव होतं. आम्ही मोजकीच पोरंपोरी. त्यात सिनेमाचे बोर्ड रंगवणारा एक, फोटो स्टुडिओवाल्याचा मुलगा एक, आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातला अंबादास. बाई एक दिवस आमच्या प्राचार्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मला ह्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचंय. प्राचार्य म्हणजे निसर्गचित्रं काढणारा भला म्हातारा माणूस. त्यांनी विचारलं, “आमच्या पोरांना हे कशाला, बाई? तुमची विज्ञानाची पोरं आहेत की.” हे पुढं त्यांनीच आम्हाला सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, “तुमची पोरं नक्षीसाठी दिवसभर आलेखाच्या कागदावर चौकोन भरतात. चौकोन भरणारं यंत्र आता निघालंय. ते कुणाच्या हातात जाणार ते ठरायच्या आत यांना शिकू द्या.” प्राचार्यांना काही कळलं नाही, पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी बुधवार-शुक्रवारचे दोन तास देऊन टाकले.

पहिल्या तासाला आम्ही उत्सुकतेनं दाराकडे बघत होतो, यंत्र आणतील म्हणून. बाई हातात खडू घेऊन आल्या. “कॉम्प्युटर पुण्यात आहे,” त्या म्हणाल्या. “इथून दिसणार नाही. चला, बाहेर व्हरांड्यात.” व्हरांड्यात शहाबादी फरशी होती, चौकोनी. अंबादासला त्यांनी एका फरशीवर उभं केलं, हातात खडू दिला आणि आम्हाला सांगितलं, हे आपलं यंत्र. याला डोळे नाहीत, अक्कल नाही. चिठ्ठीवर लिहाल तेवढंच करील. याच्याकडून एक चौकोन काढून घ्या. आम्ही हसत हसत चिठ्ठी लिहिली. पुढे जा, रेघ ओढ, उजवीकडे वळ, असं काहीतरी. बाईंनी ती मोठ्यानं वाचली. अंबादास कमरेत वाकून रेघ ओढत निघाला, आणि किती फरश्या जायचं ते आम्ही लिहिलंच नव्हतं, त्यामुळे जात राहिला. व्हरांडा संपला. तो भिंतीशी थांबून म्हणाला, “बाई, पुढं भिंत हाय की!”

“भिंत आहे असं चिठ्ठीत आहे का?”

“न्हाई.”

“मग चाल.”

अंबादास भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय हलवत राहिला. आम्ही पोट धरून हसत होतो. बाई अजिबात हसल्या नाहीत. “हसताय कुणाला?” त्या म्हणाल्या. “तो बरोबर करतोय. चूक तुमच्या कागदावर आहे. दुरुस्त करा.” त्या दिवशी संध्याकाळची बेल होईपर्यंत आम्ही तो एक चौकोन दुरुस्त करत होतो. पुढं आयुष्यात मी पुष्कळ मोठमोठ्या माणसांची व्याख्यानं ऐकली, पण यंत्राला काय सांगायचं असतं हे मला त्या भिंतीपाशीच कळलं.

अंबादास दुसऱ्या आठवड्यात घरून पुठ्ठ्याची एक लांब माळ घेऊन आला. मागावर नक्षी उठवायला भोकं पाडलेले पुठ्ठे असतात, एकाला एक शिवलेले. पुण्याच्या यंत्रालाही भोकांची कार्डं लागतात हे बाईंनी सांगितल्यापासून त्याला दम निघत नव्हता. “म्हंजे आमच्या घरातच कॉम्प्युटर हाय की, बाई!” बाईंनी ती माळ हातात घेऊन नीट बघितली, कौतुक केलं, त्याच्या घरी जाऊन मागही बघून आल्या. पण पुढच्या तासाला म्हणाल्या, “साम्य आहे, पण तेवढ्यावर भुलू नका. मागाला ‘जर’ कळत नाही. धागा तुटला तर काय करायचं, हे त्याच्या पुठ्ठ्यात लिहिता येतं का? आपल्याला ‘जर’ लिहायला शिकायचंय.” अंबादास जरा हिरमुसला. मग महिनाभर तो ‘जर’च्या मागं लागला होता. कॅन्टीनमध्ये चहा सांगतानासुद्धा प्रोग्रॅमच्या भाषेत “जर ताजा असेल तर एक, नसेल तर गो टू घर” असं म्हणायचा.

मी मात्र आतून घाबरलेली होते. आमचं घर टेंभुर्णीचं. नाक्यावर वडील ट्रकच्या मागं अक्षरं रंगवायचे, दुकानांच्या पाट्या करायचे. त्यांच्या डब्यांत ब्रश बुडवत मी मोठी झाले. चित्रकलेला आले ती रंगांच्या ओढीनं जेवढी, तेवढीच गणितापासून पळून. आणि इथं एम.एस्सी. झालेल्या बाई फळ्यावर एक्स आणि वाय लिहायला लागल्या. एका दुपारी मी वर्ग सोडते म्हणून सांगायला त्यांच्या खोलीत गेले. बाई डबा खात होत्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बस म्हणाल्या, भाकरीचा तुकडा मोडून पुढं केला.

“बाई, मला हे जमायचं न्हाई. मी गणितात नापास झालेली हाय.”

“बरं. काय जमतं?”

“अक्षरं. पाट्यांची. ती बरी येतात मला.”

“सगळ्यात अवघड अक्षर कुठलं?”

मी विचारही केला नाही. “ळ.”

“का?”

“त्याची दोन्ही पोटं सारकी दिसाय पायजेत. पन सारकी काढली की अक्षर वाईट दिसतंय. उजवं जरा मोठं ठेवावं लागतं, मग ती सारकी दिसत्यात.”

बाईंचं चावणं थांबलं. माझ्याकडे बघत राहिल्या. मग डबा बाजूला सारून त्यांनी एका कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडून ळ काढून घेतला. “ते यंत्र इंग्रजी मोठी अक्षरं छापतं, आकडे छापतं, आणि चांदण्या छापतं. मराठी त्याला येत नाही. तू त्याला हा ळ शिकव, चांदण्यांचा.” मी म्हणाले, त्यात काय, कुठल्या चौकोनात चांदणी ते सांगते. “तसं नाही,” बाई म्हणाल्या. “चित्र द्यायचं नाही त्याला. रीत द्यायची. लहान म्हटलं की लहान ळ काढला पाहिजे, मोठा म्हटलं की भिंतीएवढा. उजवं पोट किती मोठं, ते त्यानं आपलं आपण ठरवलं पाहिजे, तू सांगितलेल्या रीतीनं. तुझ्या हाताला जे कळतं ते तुला शब्दांत सांगता आलं पाहिजे.” वर्ग सोडायचं बोलायचं राहूनच गेलं. मी वहीभर ळ काढत आणि खोडत सुटले. वडिलांच्या ब्रशखाली जे आपोआप वळायचं ते कुठं वळतं, किती वळतं, हे मोजत बसले. रडले, चिडले. एक्स आणि वाय म्हणजे ‘आडवं किती, उभं किती’ एवढंच असतं, हे त्या धांदलीत कधी कळून गेलं ते आठवतही नाही.

आम्ही लिहिलेले कागद बाई एसटीच्या पार्सलनं पुण्याच्या कॉम्प्युटर सेंटरला पाठवायच्या. तिथं त्यांची कार्डं बनायची, मग यंत्रावर चढायची आणि छापील उत्तर परत यायचं. पंधरा-वीस दिवस वाट बघायची. पहिल्यांदा जे आलं त्यात चित्र एकही नव्हतं, नुसत्या चुकांच्या याद्या. आमचे चेहरे उतरले. बाईंनी ते सगळे कागद खळ लावून वर्गाच्या भिंतीवर चिकटवले आणि म्हणाल्या, “बघा, यंत्रानं तुमचं वाचलं. वाचल्याशिवाय कुणी चुका काढतं का?” मग त्या भिंतीसमोर उभं राहून एकेक चूक वाचायची, हाच आमचा तास झाला. दुसरं पार्सल गेलं, तिसरं गेलं. तिसरं मात्र जसंच्या तसं परत आलं, न उघडता. हे यंत्र शास्त्रीय कामासाठी आहे, चित्रकलेसाठी नाही, असा निरोप. बाईंनी पार्सल काखेत मारलं. “शनिवारी पहाटेची गाडी,” त्या म्हणाल्या. “कोण येतंय?”

मी आणि अंबादास गेलो. टेंभुर्णीला गाडी थांबली तेव्हा वडील खिडकीशी आले, हाताला पिवळा रंग लागलेला. “कुटं चाललाय समदी?” मी सांगितलं, यंत्राला ळ शिकवायला. त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “बाई, ही बारीक हुती तवा ळ लई दिस उलटा काडायची. तेवढं बगा हं.” बाई तेवढ्याच गंभीरपणे म्हणाल्या, “बघते.” गाडी हलल्यावर मात्र त्या हसायला लागल्या, आणि इंदापूर येईपर्यंत मधूनच आठवून हसत होत्या.

पुण्याच्या सेंटरचे प्रमुख अत्यंत सभ्य गृहस्थ होते. चहा दिला, सोलापूरच्या हवेची चौकशी केली आणि नाही म्हणाले. विद्यापीठांची कामं तुंबलीत, खात्यांची कामं तुंबलीत, त्यात कलेच्या मुलांचे खेळ कुठं बसवू? बाई म्हणाल्या, “ठीक आहे, आम्ही बसतो.” त्यांना वाटलं आम्ही चहा संपेपर्यंत बसणार. आम्ही बाहेर बाकावर जाऊन बसलो. बाईंनी पर्समधून खडू काढला आणि बाकासमोरच्या फरशीवर माझा प्रोग्रॅम लिहून शिकवायला सुरुवात केली, जणू आम्ही आमच्याच व्हरांड्यात होतो. दुपारपर्यंत तिथं काम करणारी दोन-तीन माणसं येऊन मागं उभी राहिली. एकानं तर चूकही दाखवली. शेवटी प्रमुख स्वतः बाहेर आले, फरशीवरच्या खडूकडे बघत राहिले.

“पाटीलबाई, मला एक सांगा. या ळचा उपयोग काय?”

“तुमच्या घरी विजेचं बिल येतं. गावाकडे सातबारा येतो. उद्या हे सगळं यंत्रच छापणार आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या बहिणीला इंग्रजी येत नाही, तिनं ते कुणाकडून वाचून घ्यायचं? आणि तोवर यंत्राला मराठी कुणी शिकवायची, विजेच्या खात्यानं?”

त्यांनी घड्याळ बघितलं. आजची कामं संपल्यावर थोडा वेळ देतो म्हणाले, पण थोडाच.

ती खोली मला अजून दिसते. थंडगार, भिंतीएवढी कपाटं, आणि प्रिंटरचा तो कडकडाट. अंबादासची नक्षी पहिल्या फटक्यात निघाली आणि तो खोलीतच उडी मारून तेलुगूत काहीतरी ओरडला. माझं आलं ते चूक दाखवत. मी बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “माझ्याकडे काय बघतेस? तुझा ळ आहे.” प्रमुख घड्याळाकडे बघत होते. मी एकेक ओळ बोटानं वाचत गेले आणि एका ठिकाणी नसलेला स्वल्पविराम मला दिसला. नवं कार्ड बनवलं. यंत्र पुन्हा कडकडलं आणि कागद वर सरकायला लागला. चांदण्यांची एक ओळ, मग दुसरी, मग पोट वळायला लागलं... ळ होता तो. खरोखर ळ होता. पण उंच, अरुंद, दुष्काळातून आल्यासारखा.

“असा का?” प्रमुख म्हणाले. बाईही गोंधळल्या. सूत्रं त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलेली होती. मी कागद हातात घेतला आणि पाट्या रंगवणाऱ्याच्या सवयीनं वीत लावली, आधी आडवी, मग उभी. “बाई, आपन चौकोनाच्या कागदावर काडला. पन ह्याची जागा चौकोन न्हाई. एका चांदणीची जागा रुंदीला कमी, उंचीला जास्त हाय.” मग बाईंनी मान डोलावली, हळूहळू. दुरुस्ती अवघड नव्हती, पण वेळ संपला होता. उद्या? उद्या रविवार. नंतर? बघू. परतीच्या गाडीत बाई बराच वेळ अंधारात बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “मंदा, ते मला सुचलं नसतं हं. कधीच सुचलं नसतं.” अगदी साधेपणानं म्हणाल्या त्या.

त्या वर्षीच्या प्रदर्शनात तो अशक्त ळ आम्ही लावला, अंबादासच्या नक्षीशेजारी. संस्थेचे चिटणीस पाहुण्यांना घेऊन आले, ळसमोर थांबले. “हा काय उपाशी आहे का?” म्हणाले. सगळे हसले. बाई पुढं होऊन त्याचं कारण सांगायला लागल्या, रुंदी, उंची, प्रमाण... पण पाहुणे तोवर निसर्गचित्रांकडे गेले होते. सुट्टीआधी संस्थेचा निर्णय आला. चित्रकलेच्या वर्गाला प्रोग्रॅमिंगचे तास यापुढे नाहीत. प्राचार्य बिचारे बाईंसमोर हात जोडून उभे होते. बाई त्यांना म्हणाल्या, “तुमचा काय दोष? तास गेले, मुलं तर आहेत.” आणि दुसऱ्याच रविवारी सकाळी त्यांच्या घरच्या पुढच्या खोलीत वर्ग सुरू झाला. परीक्षा नाही, गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. आम्ही सगळे गेलो. खरं म्हणजे आधीपेक्षा जास्त जण आलो.

पुण्यालाही त्या जातच राहिल्या. सुट्टी मिळाली की एसटी. ते सभ्य प्रमुख दर वेळी चहा द्यायचे, दर वेळी नाही म्हणायचे, आणि बाई दर वेळी बाकावर बसायच्या. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही पोचलो तर बाईंनी पुढची खोली रिकामी केलेली होती. पुण्याहून छापून आणलेली गुंडाळी सोडली आणि कागदाच्या पट्ट्या एकमेकींना जोडून जमिनीवर पसरायला लागल्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत. आम्ही चपला काढून कडेला उभे राहिलो. ळ. डौलदार, भरल्या पोटांचा, उजवं जरा मोठं, पण दोन्ही सारखी दिसणारी. शेजारी त्याच रीतीनं छापलेला अंगठ्याएवढा दुसरा. मी खाली बसले ती उठलेच नाही. अंबादास म्हणाला, “मंदे, तुझा ळ जेवला गं.” आणि सगळे हसत असताना मी डोकं वर केलं, तर बाई कोपऱ्यात उभ्या होत्या आणि अक्षराकडे नाही, आमच्या तोंडांकडे बघत होत्या.

त्यानंतर लवकरच मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं त्यांना बोलावलं. स्वतःचा कॉम्प्युटर असलेली कंपनी. गावात बातमी पसरली, आम्ही रविवारी घाबरतच गेलो. बाई नेहमीसारख्या शिकवत राहिल्या. शेवटी मीच विचारलं. “नाही जात,” त्या म्हणाल्या. “तिथं यंत्र आहे आणि शिकवायलाही माणसं आहेत.” मग म्हणाल्या, “मोह झाला नाही असं समजू नका. तीन रात्री झोप नव्हती.” एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

पुढं काळ बदलला. संस्थेतच कॉम्प्युटर आले, वातानुकूलित खोली झाली, आणि विभागप्रमुख म्हणून बाहेरून एक तरुण माणूस आणला गेला, कारण बाईंकडे त्या विषयाची पदवी नव्हती. आम्ही संतापलो. अंबादास तर चिटणीसांकडे भांडायला निघाला होता. बाई म्हणाल्या, “बस खाली. मुलगा हुशार आहे. मला जे येत नाही ते त्याला येतं, मी शिकून घेते.” आणि खरोखर त्या त्याच्या तासाला जाऊन बसायच्या, पन्नाशी उलटलेल्या, पोरांच्या बाकावर. त्यांना वाईट वाटलं असेल का? वाटलंच असेल. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, “वाटतं. पण त्याला वेळ कुठाय?” आणि रविवारचा वर्ग एकाही वर्षी बंद पडला नाही.

अंबादासनं पुढं यंत्रमागांसाठी कॉम्प्युटरवर नक्षी बसवायचं काम केलं, नाव काढलं. मी पुण्याला आले आणि आयुष्यभर एकच काम केलं. मराठी अक्षरं यंत्राला शिकवली. आज ज्या पडद्यावर हे लिहितेय तिथं ळ एका बोटानं उमटतो. माझ्या हाताखालच्या मुलींना मी सांगते की एका ळसाठी आमच्या बाई पुण्याच्या बाकावर दिवसेंदिवस बसायच्या, तर त्यांना ती गोष्ट वाटते.

मागच्या रविवारी मी पुन्हा सोलापूरला गेले. दिवसकार्य होऊन गेलं होतं, माणसं पांगली होती. गौरानं पुढची खोली उघडली. चटया भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या, आणि समोर फळा. त्यावर बाईंचं अक्षर होतं. शेवटच्या वर्गात लिहिलेल्या पाच-सहा ओळी, म्हातारपणानं थोड्या उतरत्या, खाली एक बाण आणि प्रश्नचिन्ह. गौरा म्हणाली, “कुणी पुसू देत नाही. येणारे फोटो काढून नेतात. काच बसवून घ्यावी म्हणतायत.” आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. हात लावावासा वाटत होता, धीर होत नव्हता...

तेवढ्यात फाटक वाजलं. खांद्याला बॅग लावलेली एक मुलगी दारात उभी होती. करमाळ्याकडची, पदवी झालेली, आता ॲनिमेशनच्या पुढच्या अभ्यासक्रमाला. परीक्षा म्हणून महिनाभर आली नव्हती आणि तिला काहीच कळलेलं नव्हतं. गौरानं सांगितलं तशी ती पायरीवरच बसली. पाणी दिलं. रडून झाल्यावर तोंड पुसत उठली आणि संकोचून म्हणाली, “जाते मी. एक अडलं होतं, ते विचारायचं होतं. उद्या दाखवायचंय कॉलेजात... राहू दे आता.”

“काय अडलंय?” मी विचारलं.

तिनं लॅपटॉप उघडला. पक्ष्यांचा थवा उडवायचा होता तिला, आणि सगळे पक्षी पडद्याच्या कडेला जाऊन अडकत होते. मी बघितलं. मला लगेच काही कळलं नाही. तिची भाषा नवी होती, मी पाट्यांवरची बाई. पण ती सांगत होती आणि सांगता सांगता तिचे डोळे कोरडे होत होते. मला कळून चुकलं की हे तोंडी समजणार नाही, मांडून बघावं लागणार, मोठं, दोघींना दिसेल असं.

मी चटई अंथरली. गौराकडे बघितलं. तिनं डोळे मिटून होकाराची मान हलवली. मग मी खिडकीतलं फडकं घेतलं आणि फळा पुसला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, स्वच्छ.

“हं,” मी म्हणाले, “पहिली ओळ सांग.”